सातव्या घराची पाळी

गेल्या वर्षी देवदिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता भरलेल्या सभेत दिवेआगरातल्या अकरा घरांनी सुधावहिनींचं नाव पाहुण्यांच्या पाळीतून काढलं. ठरावाच्या बाजूने नऊ मतं पडली. विरोधात एक, त्यांचं स्वतःचं. अकरावं घर मुंबईला गेलेलं होतं. सभा सव्वाअकराला संपली आणि चहा झाला. सुधावहिनी चहाला थांबल्या नाहीत.

आता पुन्हा सुपारीचे दिवस आले आहेत. अंगणाअंगणात नारिंगी सुपारी पसरली आहे आणि तिचा ओलसर, किंचित आंबूस वास सकाळच्या धुक्यात खाली बसून राहतो. उन्हं वर आली की तो वास हलका होतो आणि मग समुद्राचा वास येतो. सुपारी उतरवणारा गणपत एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीच्या शेंड्यावर झोके घेत जातो. झाड वाकतं, सरळ होतं, आणि खालच्या माणसाला तेवढा वेळ श्वास घ्यायचं सुचत नाही. मागे आलेल्या वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, त्यामुळे पूर्वी सलग चाललेला त्याचा प्रवास आता तीन ठिकाणी तुटतो. तिथे तो खाली उतरतो, पाणी पितो आणि नव्याने चढतो.

वाडी मोडली म्हणून घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. पोफळ परत उभी राहायला वर्षं लागतात, खोली चार महिन्यांत होते. खोल्या झाल्यावर प्रश्न आला की मुंबई-पुण्याहून येणारी गाडी कोणाच्या दारात थांबवायची. ते ठरवायला कोणाला फार विचार करावा लागला नाही. या अकरा घरांची विहीर एक आहे आणि पाण्याची पाळी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. ज्याची पाळी, त्याच्या वाडीकडे पाट वळतो. आज पाणी नको असेल तर कुंपणाशी येऊन मोठ्याने सांगायचं, ‘आजची सोडली गो!’ मग पुढच्याने घ्यायचं. न सांगता सोडलेली पाळी सोडलेली धरत नाहीत, आणि न विचारता घेतलेल्या पाळीची आठवण दोन पिढ्या निघते. पाहुण्यांनाही हाच नियम लागला. सुरुवातीला एका वहीत चालत होतं. पुढे वही पुरेना, तेव्हा मंदारला सांगितलं.

मंदार हा पलीकडच्या नलूकाकूंचा मुलगा. नवी मुंबईत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. गणपतीच्या रजेत आला तेव्हा त्याने भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या मशीनवर सगळं उभं केलं. त्या चार दिवसांची आठवण उकडीच्या वासाची आहे. आत मोदकांची पातेली, बाहेर पडवीत मंदारचा लॅपटॉप, आणि पावसाने भिजलेली माणसं कॉलर झटकत त्याच्याभोवती बसलेली. मशीनवर दोन सर्व्हर होते. पुढे वेब सर्व्हर आणि त्याच्या पाठीमागे जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर. दोन कशाला, असं अप्पांनी विचारलं. अप्पा निवृत्त मुख्याध्यापक आणि या अकरा घरांचे अध्यक्ष.

“अप्पा, पाहुणा थेट माजघरात शिरतो का? नाही ना? तो पडवीत बसतो. पुढचा सर्व्हर म्हणजे पडवीतला माणूस. काय हवं ते विचारतो, आत जाऊन सांगतो, आतून आलेलं बाहेर आणून देतो. मागचा जावावाला माजघरात. सगळा स्वयंपाक तिथे. त्याच्या दाराचा नंबर आठ हजार ऐंशी. ते दार बाहेरच्याला दिसतच नाही.”

“आणि आतल्याने उत्तरच दिलं नाही तर?”

“पडवीतला तीस सेकंद थांबेल. मग बाहेरच्याला सांगेल, आत काही उत्तर मिळत नाही, परत या.”

“तीस सेकंदांत माझा चहासुद्धा उकळत नाही रे,” सुधावहिनी म्हणाल्या.

“वहिनी, तो तुमच्या चुलीचा दोष. माझ्या सर्व्हरचा नाही.”

सगळे हसले. सुधावहिनीही हसल्या.

बटण एकच असावं ही अप्पांची सूचना. दोन बटणं ठेवली की आपल्या लोकांचा गोंधळ होतो, असं त्यांचं म्हणणं. मंदारने तसंच केलं. पाळी आली की घराच्या फोनवर निरोप यायचा, त्याखाली ‘पाळी’ असं बटण. एकदा दाबलं की पाळी घेतली. पुन्हा दाबलं की सोडली, कुंपणाशी येऊन ओरडल्यासारखी. दोन्ही वेळा पडद्यावर एकच वाक्य उमटायचं: तुमची नोंद झाली आहे, धन्यवाद. आणि दोन तासांत काहीच दाबलं नाही तर पाळी पुढच्या घराकडे. घरांना क्रमांक दिले. सुधावहिनींचं सातवं, नलूकाकूंचं आठवं.

प्रत्येक घराचे फोटो लागणार होते. ते गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून गावी परतलेला, हाताशी वेळ असलेला माणूस होतो. सभेची टिपणं आणि नोंदींची तपासणीही त्याच कारणाने आली. फोटो जितके जास्त तितकं बरं, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाकीच्यांनी चार-पाच दिले. सुधावहिनींनी चाळीस दिले. विहीर, राहाटाची जुनी चाकं, फणस, वादळात पडलेली पोफळ आणि तिच्या बुंध्याशी आलेलं रोप, वाळत घातलेली सुपारी, खोलीतल्या पलंगावरची गोधडी दोन्ही बाजूंनी. पाळी घेतली की त्या घराच्या फोटोंची एक पुस्तिका तयार होऊन पाहुण्यांना आपोआप जात असे. ती आत, माजघरात बनायची.

दिवाळीच्या सुट्टीपासून गाड्या सुरू झाल्या. त्या हंगामात दिघीहून येणाऱ्या रस्त्याला सकाळपासून हॉर्न ऐकू यायचे. सुधावहिनींकडे वाल भिजत पडले. बिरड्याचं काम दोन दिवसांचं. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. पाहुणे उद्या येणार असले तर वाल काल भिजलेले असावे लागतात. पहिल्या वेळी गाडी आली, सातव्या घरासमोर जरा हळू झाली आणि आठव्या घरी गेली. सुधावहिनींना वाटलं, पाहुण्यांचा बेत बदलला असेल. दुसऱ्या वेळी त्यांनी मला फोन केला. बघतो म्हणून सांगितलं. बघितलं नाही. पुढे त्या महिन्यात हे आणखी तीन वेळा झालं.

पाहुण्यांच्या तक्रारी अप्पांकडे गेल्या. तक्रार एकच होती: एका घराने आधी हो म्हटलं, छान पुस्तिका पाठवली आणि मिनिटाभरात नकार कळवला. तुमच्या गावात हे असंच चालतं का? अप्पांना ते वाक्य फार लागलं. ते त्यांनी सभेत दोनदा वाचलं.

सभेसाठी मंदारकडून नोंदी मागवल्या होत्या. त्याने पाठवलेली यादी मी वाचून दाखवली. जावाच्या सर्व्हरने ठेवलेली ती नोंद मंदारने मराठीत आणि सुटसुटीत बनवली होती. घर सात, पाळी घेतली. घर सात, पाळी सोडली. मध्ये कधी चाळीस सेकंद, कधी पन्नास. अशा पाच जोड्या, तारखा आणि वेळांसह. वाचून झाल्यावर मी सुधावहिनींना विचारलं, पाळी सोडलीत का.

“मी सोडली नाही,” सुधावहिनी म्हणाल्या.

“सुधा, बटण तुझ्याच फोनवरून दाबलंय,” अप्पा म्हणाले.

“दाबलं. घेण्यासाठी दाबलं. पाळी सोडणारी बाई वाल कशाला भिजत घालेल? विचारा की कोणालाही.”

“वालाचं काय घेऊन बसलीस? इथे वेळेसकट लिहिलंय.”

“मग ते मशीन खोटं बोलतंय.”

“मशीनला तुझ्याशी काय वैर?” नलूकाकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

मंदार त्या वेळी फोनवर होता. फोन स्पीकरवर, टेबलाच्या मधोमध, पानाच्या तबकाशेजारी ठेवलेला. अप्पांनी विचारलं, “मंदार, नोंद बरोबर आहे ना?” तो म्हणाला, “नोंद बरोबर आहे, अप्पा.” मग मतदान झालं. नऊ हातांत माझा हात होता.

वर्तमानपत्राच्या कचेरीत एक नियम असतो. बातमी दोन सूत्रांकडून पक्की करायची, आणि दुसरं सूत्र पहिल्याच्या तोंडून बोलणारं नसावं. त्या मशीनवर दोन सर्व्हर होते आणि दोघेही नोंद ठेवत होते. पडवीतल्याची नोंद वेगळ्या फाईलमध्ये होती. ती मराठीत नव्हती, आकडे आणि तिरप्या रेघांची होती, डोळ्यांना त्रास देणारी. ती वाचण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती. वाचायला सोपी होती तीच नोंद खरी धरली गेली.

ठरावात फक्त पाहुण्यांच्या पाळीचा उल्लेख होता. विहिरीच्या पाण्याचा नव्हता, येण्याजाण्याचा नव्हता. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सातव्या घरी बायका कमी गेल्या. पुढे गणपतीत अकरा घरांची आरतीची फेरी निघाली, ती सहाव्या घरातून आठव्या घरात गेली. कोणी ठरवलं होतं असं नाही. झांजा वाजवत पुढे चालणाऱ्याने वळण घेतलं आणि मागचे त्याच्यामागे गेले. सातव्या घराच्या पडवीत समई लावलेली होती आणि प्रसादाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. रस्त्यावरून ते दिसत होतं.

यंदा दिवाळीआधी जुनं भाड्याचं मशीन सोडून नवं घ्यायचं ठरलं. जुन्यावरच्या फाईली उतरवून घ्यायच्या होत्या. मंदारने फोनवर सांगितलं, “दादा, फोटो आणि घरांची यादी घे. नोंदींचा लॉग नको घेऊस, नुसता कचरा आहे तो.” कचेरीत जुन्या प्रती टाकून देत नसत. सगळं उतरवून घेतलं.

पडवीतल्या सर्व्हरच्या नोंदीत गेल्या वर्षीच्या त्याच पाच वेळा सापडल्या. प्रत्येक ठिकाणी दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत सातव्या घराने बटण दाबलं, तीस सेकंद गेले, आणि पुढे पाचशे चार हा आकडा. पाचशे चार म्हणजे आतून वेळेत उत्तर आलं नाही, परत प्रयत्न करा. दुसऱ्या ओळीत त्याच घराने पुन्हा बटण दाबलं आणि लगेच दोनशे, म्हणजे ठीक. आत काय झालं होतं ते आता सरळ होतं. बटण दाबताक्षणी पाळी घेतल्याची नोंद होत होती आणि मग माजघर पुस्तिका बनवायला बसत होतं. चार फोटोंची पुस्तिका चुटकीसरशी व्हायची. चाळीस फोटोंच्या पुस्तिकेला तीस सेकंद पुरत नव्हते. पडवीतला थांबायचा कंटाळा करून ‘परत या’ म्हणत होता. सुधावहिनी परत येत होत्या. दुसऱ्यांदा दाबलेल्या बटणाने पाळी सुटत होती, आणि पडद्यावर येत होतं: तुमची नोंद झाली आहे, धन्यवाद.

शेजारीच पडवीतल्या सर्व्हरची मांडणी लिहिलेली फाईल होती आणि तिची जुनी प्रत. जुन्या प्रतीत थांबण्याची मर्यादा तीस होती. नव्या फाईलमध्ये एकशे ऐंशी. बदल सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी केलेला. त्याच शनिवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मंदारकडून सभेसाठीची यादी आली होती. फक्त माजघरातल्या नोंदीची.

दोन्ही नोंदींच्या प्रती काढायला शेजारच्या बोर्लीला गेलो. झेरॉक्सवाल्याने कागद हातात घेऊन खालीवर पाहिले. “काका, एवढे नंबर कसले? लॉटरीबिटरी लागली की काय?” मग त्याने ते नीट जुळवून पिन मारून दिले.

मंदारला त्याच दुपारी फोन लावला.

“तीसचे एकशे ऐंशी तू केलेस?”

“हो. एरर लॉगमध्ये दिसलं ना शनिवारी. फिक्स केलं. त्यानंतर एकदा तरी झालं का? नाही ना. मग टेन्शन कशाला घेतोस यार?”

“दुसऱ्या दिवशी सभेत तू फोनवर होतास.”

“होतो.”

“नोंद बरोबर आहे म्हणालास.”

“नोंद बरोबरच होती, दादा. बटण दोनदा दाबलं होतं ना वहिनींनी?” मग तो जरा हळू बोलू लागला. “आई तिथे सभेत बसलेली. पाची वेळा पाहुणे आमच्याकडे उतरलेले. मी तोंड उघडलं असतं तर सगळे काय म्हणाले असते? मंदारने आईसाठी सेटिंग करून ठेवलं.”

“आणि ठेवलं नव्हतं?”

“नाही. आईशप्पथ नाही.”

या उत्तराला दुसरं सूत्र नाही. तीस हा आकडा त्याने गणपतीत, सगळ्यांसमोर, फोटो यायच्या आधी घातला होता, एवढं नक्की सांगता येतं.

अप्पांनी कागद चष्मा लावून वाचले. घडी घालून परत दिले. “वर्ष झालं रे. सगळं निवलंय. आता कशाला?” मग उठून आत गेले. बाहेर आले ते सभेची वही घेऊन. “येत्या रविवारी लाव,” म्हणाले.

सुधावहिनी अंगणात सुपारी सोलत होत्या. गणपत वरून घड सोडत होता. दोर सळसळायचा आणि घड धपकन टेकायचा.

“ये. त्या पोफळीच्या विरीवर बसू नकोस, ओली आहे. काय आणलंस?”

कागद पुढे केले. त्यांचे हात काळे झाले होते. “तूच वाच. मागच्या वेळी वाचलंस तसं.”

वाचलं. पाच जोड्या, दोन्हीकडच्या. मग फाईल बदलल्याची वेळ. मग यादी पाठवल्याची वेळ.

“म्हणजे एकदा दाबून मी गप्प बसले असते तर पाळी माझी होती.”

“हो.”

“मंदारला शनिवारीच ठाऊक होतं.”

“हो.”

त्यांनी आणखी एक सुपारी सोलली. “मंदारचं मला कळतं. लहानपणी काच फोडली की आईच्या पदरामागे जायचा. तुझं नाही कळत. तू पेपरात होतास. कोणाचं वाईट छापायच्या आधी त्या माणसाला विचारायचात ना?”

“विचारायचो.”

“मला काय विचारलंस?”

मी विचारलं होतं, पाळी सोडलीत का. त्यांनी नाही म्हटलं होतं. ते उत्तर टिपणात आहे. ते तपासलेलं नाही.

वरून गणपत ओरडला, “वयनी, त्यास्नी बाजूला व्हायला सांगा, घड डोक्यात पडंल!” आणि मग खाली उतरल्यावर, तंबाखू मळत, “त्या पाव्हन्यांचं म्हनताव ना? पाची येळा बिरडं मीच तर खाल्लं. पाव्हनं आलं न्हाय म्हनून वयनी डबा भरून द्यायची. माझी बायको म्हनायची, ह्या घरात रोज लगीन हाय का काय? मला कुनी इचारलंच न्हाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

सुधावहिनी उठल्या, हात धुतले, त्याला पाणी आणून दिलं. सभेला येणार का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “काढलंत तेव्हा मी समोर होते. आता घ्यायचं ते माझ्याविना घ्या.”

रविवारी दहा घरं आली. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. गणपतला बोलावलं होतं, त्याने वालाचं सांगितलं. कोणी हसलं नाही. मंदार फोनवर नव्हता. त्याला दोनदा लावला, त्याने घेतला नाही. नलूकाकू सगळा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे माझ्या घरी जेवले ते तिचे होते?” अप्पांनी मान हलवली. मागचा ठराव चुकीच्या माहितीवर झाला असल्याने रद्द, सातवं घर पाळीत परत, असं लिहिलं गेलं. दहा हात वर झाले. वहीत पुढे ‘दिलगिरी’ हा शब्द घालायचा की नाही यावर बराच वेळ गेला. घातला. अप्पा आणि दोघे जण ठरावाची प्रत घेऊन सातव्या घरी गेले. सुधावहिनींनी ती घेतली, त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला. चहा घेताना सुपारीच्या भावावर बोलणं झालं.

नव्या मशीनवर आता ‘घेतली’ आणि ‘सोडली’ अशी दोन बटणं आहेत. पडवीतला तीन मिनिटं थांबतो, आणि पुस्तिका पाळीच्या नोंदीनंतर सवडीने बनते. ही मांडणी मंदारने केलेली नाही, पुण्याच्या एका ओळखीच्या मुलीने केली. दोन्ही सर्व्हरच्या नोंदी दर सोमवारी काढून वाचल्या जातात.

या आठवड्यात गुरुवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी चार पाहुण्यांची मागणी आली. पाळी सातव्या घराची होती. निरोप फोनवर पोचल्याची आणि उघडून वाचल्याची खूण आहे. सुधावहिनी त्या वेळी घरीच होत्या, अंगणात सुपारी पालटत होत्या. पाच चाळीसपर्यंत त्यांनी कुठलंही बटण दाबलं नाही. दोन तास भरले आणि पाळी आठव्या घराकडे गेली. नलूकाकूंनी पाच बेचाळीसला ‘सोडली’ दाबलं. शनिवारी दुपारी साडेबाराला पाहुण्यांची गाडी नवव्या घरासमोर थांबली.